सहाशे छत्तीस टिंब तीन

आकड्यांचं वेड आमच्या घरात आधीपासूनच. वडील दौंडला रेल्वेत होते. गाडी कुठून आली आणि कुठं चालली याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. ते गाडीला नंबरानंच ओळखत आणि ती उशिरा आली की नंबर घेऊनच तिला नावं ठेवत. त्यामुळं ग्रंथालयाचा कोर्स करताना बरोबरच्या मुली दशांश वर्गीकरणाला वैतागल्या, मी मात्र त्यात रमले. जगातल्या सगळ्या विषयांचे दहा मोठे भाग, त्यांचे पुन्हा दहा-दहा, आणि प्रत्येकाला ठरलेला आकडा. मला ते वाचताक्षणी पटलं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत शिरूरच्या एका लहानशा वाचनालयात मला ग्रंथपालाची नोकरी लागली. ग्रंथपाल मीच, शिपाई मीच आणि सकाळी झाडू मारणारीही मीच. रोज दौंडहून एसटीनं यायचं आणि संध्याकाळी परत जायचं. दोन खोल्यांत पुस्तकं ज्या क्रमानं विकत घेतली त्याच क्रमानं उभी होती. पाककृतीच्या शेजारी कायदा, कायद्याच्या शेजारी भुताच्या गोष्टी. वाचक "ते निळ्या पुठ्ठ्याचं द्या" म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं. माझा स्वभाव तसा तापटच. पुस्तकात कुणी पेन्सिलीनं रेघ जरी मारली तरी त्याला उभं करून समोर खोडून घेत असे. शिरूरची कॉलेजची पोरं मला मागून काय म्हणत ते मला ठाऊक होतं.

दारातून आत आलं की डाव्या हाताला एक कपाट वेगळं होतं. पत्र्याचं, हिरवं, काचेच्या दारांचं. वर पांढऱ्या रंगात एका मुलीचं नाव आणि खाली 'हिच्या स्मरणार्थ'. मुलगी शिरूरजवळच्या निमोण्याची. शिरूरला कॉलेजात सायन्सला होती, आमच्या वाचनालयाची सभासदही होती. कावीळ झाली, झाडपाल्याच्या औषधावर दिवस गेले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत हाताबाहेर गेलं. मी रुजू होण्याआधीची ही गोष्ट. वडिलांनी तिची पुस्तकं आणि ती ठेवायला ते कपाट वाचनालयाला दिलं होतं.

वडील बाजारच्या दिवशी येत. धनगराचं घर. त्यांच्या वडलांच्या काळी मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. आता निमोण्याला शेती होती आणि दारात थोडी मेंढरं. बाजार उरकला की पिशव्या दाराशी ठेवत, पायताण काढत आणि माझ्याकडे कपाटाची किल्ली मागत. मग एकेक पुस्तक काढून उपरण्याच्या टोकानं पुसायचं आणि पुन्हा जागेवर ठेवायचं. घरी फळीवर पोरीनं उंचीप्रमाणं लावली होती, तशीच इथंही. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांना वाचता येत नव्हतं. आकडे तेवढे यायचे, बाजारातल्या काट्यावर उभं राहून शिकलेले.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग सरकारी अनुदान वाढावं म्हणून आमच्या कार्यवाहांनी वाचनालय 'ड' वर्गातून 'क' वर्गात न्यायचं मनावर घेतलं. हे गृहस्थ शाळेतून निवृत्त झालेले, स्वभावानं चांगले, पण एकदा काही डोक्यात घेतलं की कुणाचं ऐकायचे नाहीत. तपासणीला येणारे साहेब पुस्तकांचं वर्गीकरण पाहतात असं त्यांनी कुठून तरी ऐकलं आणि मला मोकळं रान मिळालं. खळ शिजवली, कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, काळी शाई आणली. पुस्तक उघडायचं, विषय ठरवायचा, वर्गांक काढायचा, आणि तळापासून दोन बोटं वर चिठ्ठी चिकटवायची. नोकरीतला तो माझा सगळ्यात आनंदाचा काळ. कार्यवाह चेष्टेनं म्हणत, "बाई, एक दिवस तुम्ही मलाही नंबर द्याल."

"शोधतेय," मी म्हणत असे. "तुमच्यासारखा विषयच सापडत नाही."

अशी सगळी कपाटं झाली आणि हिरवं तेवढं राहिलं. ते सोडून द्यायचं असं मी धरूनच चालले होते. कार्यवाह म्हणाले, "हेही घ्या. आणि नंबर घातले की पुस्तकं आपापल्या जागी लावा. कपाट शब्दकोशांना होईल."

"अहो, त्यावर तिचं नाव आहे."

"नाव राहू द्या की. नाव कोण पुसतंय?"

मी पुष्कळ भांडले. आवाज इतका चढला की वर्तमानपत्र वाचायला आलेली माणसं उठून बाहेर गेली. खरा संताप वेगळाच होता. ते माझ्याच शास्त्राप्रमाणं बरोबर बोलत होते. रसायन रसायनात जातं, कविता कवितेत जाते. गेलेल्या मुलीची पुस्तकं असा विषय त्या जाडजूड वर्गीकरणात कुठंच नाही.

जिला मी कधी पाहिलं नाही, ती मला त्या आठवड्यात कळली. रसायन, पाचशे चाळीस. वनस्पती, पाचशे ऐंशी. भरतकाम, सातशे सेहेचाळीस. कवितांची दोन पुस्तकं, त्यातल्या एकात वाळलेलं फूल. आणि एक जाड पुस्तक मेंढ्यांचं: जाती, चारा, रोग, औषधं. त्याच्या समासात पानोपानी पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा होत्या, कुठं कुठं फुल्या. सवयीनं मी खोडरबर हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

पुढच्या बाजारच्या दिवशी आबांना सांगायचं माझ्यावर आलं. मी चहा मागवला. त्यांनी तो बशीत ओतला आणि ऐकता ऐकता तसाच निवू दिला.

"म्हंजी पांगवनार व्हय?" ते म्हणाले.

"जवळपासच असतील, आबा. याच दोन खोल्यांत."

"बाई, ती गेली तवा तिची कापडं वाटून टाकली आमी. रीत हाय. तिच्या आईनं येक वढनी बी मागं ठिवली न्हाई. पुस्तकं तेवढी येका जागी ठिवली व्हती. म्हंजी आलं की समदी दिसावी."

आबांनी समोरचं मेंढ्यांचं पुस्तक उचललं आणि नव्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं.

"सहाशे छत्तीस. ह्ये टिंब कशापायी?"

मी सांगितलं. सहाशेत माणसाच्या उपयोगाच्या विद्या, तीस आलं की शेती, छत्तीस म्हणजे पाळीव जनावरं, आणि टिंबाच्या पुढं तीन म्हणजे मेंढरं.

"मेंढरांचा नंबर हाय ह्यो?"

"हो. पुण्यात जा, मुंबईत जा, जिथं ही पद्धत असेल तिथं मेंढरं याच जागी बसणार."

आबा थोडं हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. "आणि या खुणा?" मी विचारलं.

"सांजच्याला ती मला वाचून दावायची. येक वळ वाचायची आन् इचारायची, आबा, खरं हाय का? मी व्हय म्हनलं की ही खून. न्हाई म्हनलं की फुली." मग त्यांनी पुस्तक पुसायला घेतलं. "बाई, ह्यो नंबर फकस्त हिच्याच पुस्तकाचा ना?"

मी खोटं बोलू शकले असते. पण आकड्यांच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही. "नाही, आबा. नंबर विषयाचा असतो. उद्या मेंढरांचं दुसरं पुस्तक आलं तर त्यालाही हाच पडणार."

"आसं व्हय," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी तिचा न्हाई."

पुस्तकं पांगली. तपासणी झाली, 'क' वर्ग मिळाला, कार्यवाहांनी पेढे वाटले. माझा पेढा मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

आबा येतच राहिले. आता त्यांना या कपाटाकडून त्या कपाटाकडे हिंडावं लागे. बाकीचे नंबर त्यांच्या लक्षात राहत नसत, मी हाताला धरून दाखवत असे. मेंढरांचा मात्र ते स्वतः शोधत. एकदा त्या जागी पुस्तक नव्हतं. आबा घाबरेघुबरे होऊन टेबलाशी आले. "बाई, गेलं की वो!"

"गेलं नाही, आबा. तळेगाव ढमढेऱ्याच्या एकानं नेलंय. मेंढ्या पाळायच्यात त्याला."

"वाचाया नेलंय?"

"वाचायला."

ते बाकावर बसले. "आनील ना परत?" असं जाताना विचारलं.

त्यानं आणलं, मग दुसऱ्यानं नेलं. तिच्या पुस्तकांतलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक तेच. कवितांना कुणी हात लावला नाही, त्या नव्यासारख्या राहिल्या. रसायनाचा अभ्यासक्रम बदलला आणि ते पडून राहिलं. मेंढरांचं पुस्तक मात्र दर खेपेला थोडं थोडं झिजून यायचं. मी पानं चिकटवली, बांधणी करून घेतली, चिठ्ठी मळली की नवी लावली. शेवटी कोरेगाव भीमाच्या एका वाचकाकडं शेळीच्या करडानं त्याची मधली पानं चघळली. तो बिचारा ओशाळून उरलेलं बाड घेऊन आला. मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो पुन्हा कधी दिसला नाही.

ते बाड आबांना द्यायचं म्हणून मी बाजूला काढून ठेवलं. पण आबांचा गुडघा दुखत होता, दोन-तीन महिने ते फिरकले नाहीत. त्यातच दौंडला माझे वडील गेले. मी रजेवर होते. दिवस झाल्यावर त्यांचे कपडे, बूट, रेल्वेचा गरम कोट, सगळं आम्ही देऊन टाकलं. देताना मला आबांच्या घरची ओढणी आठवली आणि मी कोट हातातून सोडेना. भावानं हळूच काढून घेतला.

कामावर परत आले तेव्हा कार्यवाहांनी बाद पुस्तकांचा गठ्ठा रद्दीत दिला होता. बाडही त्यात गेलं होतं. त्यांना बोलण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. टेबलावर एक नवीन पुस्तक होतं. करडाच्या मालकानं भरपाई म्हणून कुणाच्या तरी हाती पाठवलेलं. जुनं आता छापत नव्हते, म्हणून हे दुसरंच. पातळ, गुळगुळीत, रंगीत फोटोंचं. विषय मेंढीपालन. मी चिठ्ठी कापली आणि नंबर लिहिला. दुसरा कुठला लिहिता येतच नव्हता.

आबा आले ते काठी टेकत. मला आधी त्यांनी विचारलं, "वडील गेलं म्हनं?" मी मान हलवली. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि मग कपाटाकडे गेले. आता नजरही कमी झाली होती. चिठ्ठ्यांना नाक लावून एकेक आकडा बघत त्यांनी सहाशे छत्तीस टिंब तीन शोधलं, ते पातळ पुस्तक काढलं आणि उपरण्यानं पुसायला लागले. मला बघवेना. मी उठून जवळ गेले.

"आबा, ते पुस्तक..."

"म्हाईत हाय, बाई. हातात घेतलं तवाच कळलं. तिचं जाड व्हतं."

मी रडायला लागले. वाचनालयात मी त्याआधी कधी रडले नव्हते. आबांनी पुस्तकाची दुसरी बाजू पुसली.

"पन नंबर त्योच हाय न्हवं?"

"तोच आहे, आबा."

"मंग वाचून दावा वाईच."

आम्ही बाकावर बसलो. मी मधलंच एक पान उघडलं. नुकतीच वीण झालेली मेंढी आपलं कोकरू वासानं ओळखते, त्यामुळं पहिले काही तास त्या दोघांना कळपापासून वेगळं ठेवावं, असं लिहिलं होतं. वाचून मी थांबले. थांबायचं असतं हे मला माहीत होतं.

"आबा, खरं आहे का?"

"व्हय," आबा म्हणाले. "खरं हाय."

मी टेबलावरची पेन्सिल आणली आणि वाचनालयाच्या नव्याकोऱ्या पुस्तकात, त्या ओळीच्या शेजारी, बरोबरची खूण केली.