क्लच सोडवणारी बाई

इकडे गुजराती मुलखात, गोत्री गावाच्या पुढे, बाबांची आणि माझी रोपांची नर्सरी आहे. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या आमच्या छोट्या ट्रॅक्टरचा क्लच एकदा चिकटला. पेडल दाबूनही गिअर पडेना. आम्ही वैतागलो होतो, तेवढ्यात मोगऱ्याची रोपं घ्यायला आलेली एक बाई थांबली. चाळिशीची, माझ्याच वयाची. आमचं मराठी ऐकून म्हणाली, "काका, प्लेट गंजून चिकटलीय. मी चालवून बघू?"

बाबांनी सरळ तिच्या हातात किल्ली दिली. इतकी वर्षं नर्सरीत राबूनही ती किल्ली माझ्या हातात कधी आली नव्हती.

तिने आम्हाला लांब उभं केलं आणि इंजिन बंद असतानाच गिअर टाकून ट्रॅक्टर सुरू केला. मोकळ्या जागेत क्लच दाबून धरून ती पुन्हा पुन्हा करकचून ब्रेक मारत होती. शेवटी खाडकन आवाज झाला आणि क्लच सुटला. बाबा टाळ्या वाजवायला लागले. माझ्यासाठी ते कधी टाळ्या वाजवत नाहीत.

ती निघताना मी बोललेच, "तुम्हाला बरी किल्ली मिळाली!"

"तू कधी मागितली होतीस, बेन?" तिने सहज विचारलं. मागितली नव्हतीच, म्हणून तिचा आणखीच राग आला.

पुढच्या पावसाळ्यानंतर क्लच पुन्हा चिकटला. मी किल्ली मागितली. बाबांनी लगेच काढून दिली. तसेच ब्रेक मारत मी क्लच सोडवला आणि घामाघूम होऊन खाली उतरले.

बाबा कौतुकाने म्हणाले, "वा! अगदी त्या बाईसारखं."