रिकाम्या पट्ट्या

सावळीरामचं घराणं मखमलाबादचं, फुलशेतीवालं. तो मात्र २००१ साली पंचवटीत कॉम्प्युटर जोडून विकायचा आणि गिऱ्हाइकाला चहा पाजून चिप कंपन्यांची भांडणं ऐकवायचा. सिलिकॉनवर कोण जास्त बारीक रेघ ओढतो, कोणाच्या मेमरीमागे कोण उभं आहे, हे तो भाऊबंदकीच्या चवीने सांगे. तेव्हा दोन मेमऱ्यांची चुरस होती. एक नवी, महाग, पत्र्याचं कवच घातलेली. दुसरी जुनीच, वेग दुप्पट केलेली. सावळीराम कवचवालीवर लट्टू.

दीपमालाताईंना लग्नपत्रिकांच्या कामासाठी मशीन हवं होतं. लग्नसराई तोंडावर, धंदा नवा, सगळी भिस्त या एका मशीनवर. कुठली मेमरी टिकेल, असं त्यांनी विचारलं. सावळीरामने छातीठोकपणे कवचवाली सांगितली.

मशीन कंपनीकडून जोडूनच आलं. उघडलं तर दोन खाचांत मेमरी आणि उरलेल्या दोन खाचांत नुसत्या पट्ट्या, चिपचा पत्ता नाही. आता, फुलांची पाटी तोलण्याआधी तळाचा पाला गिऱ्हाइकादेखत काढून टाकायचा, हा त्याच्या वडिलांचा, लहानूअण्णांचा, शिरस्ता. पोराने तोच पाळला. कंपनीने भरताड घातलंय म्हणत त्याने ताईंसमोर दोन्ही पट्ट्या उपटल्या.

मशीन सुरूच होईना. सावळीरामने वायरी तपासल्या, पंखा तपासला, शेवटी वीज मंडळावरही संशय घेतला.

"सावळीरामभाऊ," ताई म्हणाल्या, "पत्रिका निघेपर्यंत नवरदेवाच्या पोराचं बारसं जेवून येऊ आपण."

त्याने मुंबईच्या डीलरला फोन लावला. डीलर आधी पोटभर हसला, मग म्हणाला की या मेमरीत संदेश एका खाचेतून दुसरीत, असा रांगेने जातो. खाच रिकामी राहिली की वाट तुटते. त्या पट्ट्या फक्त वाट जोडतात. पट्ट्या परत बसल्या, मशीन उठलं. पुढे आठवडाभर सावळीराम येईल त्याला हा चमत्कार सांगत होता.

ती लग्नसराई झकास गेली. पण दोनेक वर्षांत दुसरी मेमरी जिंकली. नव्या बोर्डांवर कवचवालीच्या खाचाच येईनात. इकडे पत्रिकांवर नवरा-नवरीचे भलेमोठे फोटो आले, ताईंचं मशीन धापा टाकू लागलं आणि जादा मेमरी गावात मिळेना.

ताई दुकानात आल्या. "तुम्ही म्हणाला होतात, टिकेल."

दुकानातलं मशीनही त्याने हौसेने त्याच जातीचं घेतलं होतं. त्याने झाकण काढलं आणि आतली मेमरी ताईंच्या हातावर ठेवली.

"घ्या. माझ्या शब्दावर घेतलं होतंत."

"आणि तुमचं?"

"त्या दुसऱ्या मेमरीवालं आणतो," तो म्हणाला. "बघू तरी, ती कशी काय जिंकली."