लाभ, दोन, तीन

माझं बालपण पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत गेलं. तांदूळ दुकानातून पिशवीत यायचा. लग्नानंतर पालीजवळच्या सासरी आले तेव्हा मी कॉलेजात गणित शिकवत होते, आणि भात मापताना कधी पाहिलं नव्हतं.

आमचं शेत शेजारवाडीतल्या एक काकी अर्धलीने करायच्या; निम्मं भात त्यांचं, निम्मं आमचं. त्या वर्षी खळ्यात मापणी होती. "तू गणिताची, तूच लिही," सासूबाई म्हणाल्या.

आमच्या वाट्याच्या दर गोणीत दहा पायल्या भरायच्या. काकी माप ओतत मोठ्याने मोजायच्या, मी वहीत बघत दर आकड्याला एक रेघ ओढायचे. सुरुवातीला त्या "लाभ" म्हणाल्या. देवाचं नाव घेतात तसं काही असेल, मला वाटलं; रेघ ओढली नाही. मग एकदम "दोन". दुसऱ्या गोणीलाही तसंच. माझ्या रेघा दोन्ही वेळा नऊच. माझ्या मनात आलं ते चांगलं नव्हतं.

तिसरी गोण भरल्यावर मी सगळ्यांदेखत म्हणाले, "काकी, तुम्ही दोनापासून मोजताय. दर गोणीत एक पायली कमी पडतेय."

काकींनी ती गोण चटईवर रिकामी केली आणि माप माझ्या हातात दिलं. "तू मोज बाय."

मी मोजलं. दहावी पायली ओतली आणि चटईवरचं भात संपलं.

"अगो, लाभ म्हणजेच एक," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पहिल्या मापाला एक म्हणत नाय."

त्याच आठवड्यात मी वर्गात ऐटीत सांगितलं होतं, की आकड्यांची नावं माणसांनी ठरवलेली. उद्या सगळ्यांनी मिळून पाचाला दुसरं काही म्हटलं तरी बेरीज बिघडत नाही. मुलं खूश झाली होती. आणि इथे एका नावापायी मी एका बाईला चोर ठरवलं होतं.

"काकी, मला ठाऊक नव्हतं," मी म्हणाले. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत, असंही वर जोडलं. 'माफ करा' मात्र तोंडातून निघालं नाही.

"असूं दे. नाव काय पण ठेव, भात हाय तेवढंच ऱ्हातं."

पुढच्या गोणीला त्यांनी पहिलं माप ओतलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "एक." शेवटच्या गोणीपर्यंत तसंच. माझी मान वर झाली नाही.

पुढच्या वर्षी मापायला त्यांची सून आली. काकींचे गुडघे दुखतात म्हणाली. त्यांचं घर आमच्यापासून पाच मिनिटांवर आहे. मी अजून गेलेले नाही.