डोहातली गार जागा

तेरणा नदीच्या काठी माझ्या सासरच्या गावाला एक डोह होता. वर महादेवाचं देऊळ, म्हणून त्या डोहातला मासा कुणी धरायचा नाही. उलट शाळूच्या पिठाचे गोळे करून माशांना घालायचे, ही गावाची रीत. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यात सगळ्यांच्या पुढं. घरात कुणाच्या ताटाला उशीर झाला तर चालेल, माशांना नाही!

निजामाच्या राजवटीचा तो शेवटचा उन्हाळा. आमचे हे सभेत काहीबाही बोलले, वॉरंट निघालं, आणि भरल्या ताटावरनं उठून हे हद्दीपलीकडं बार्शीकडं निघून गेले. मग काही कळलंच नाही. आत्याबाईंनी मनाशी पक्कं केलं, डोहातले मासे जिवंत तोवर लेक जिवंत. असलं काही मनात धरू नका म्हणून मी परोपरीनं सांगितलं. ऐकतील तर त्या आत्याबाई कसल्या!

वैशाखात नदीची धार तुटली. डोह निम्म्यावर आला. दुपारी पाय बुडवला तर आंघोळीला काढल्यासारखं कोमट पाणी. एका सकाळी आम्ही पाहतो तर मासे वर येऊन नुसती तोंडं उघडत होते.

"भुकेजली गं माझी लेकरं!" आत्याबाई म्हणाल्या आणि परात रिकामी केली. दुसऱ्या दिवशी दोन पराती. गोळे तळाशी जाऊन आंबले, पाण्यावर साय धरली, वास सुटला. रोज काही मासे पोट वर करून तरंगायचे आणि आत्याबाईंचा घास तोंडातच फिरायचा. मला भीती वाटायची ती माशांची नव्हे, त्यांची.

काठावर करंजाच्या सावलीत एका ठिकाणी पाझर होता. घागर भरायला उतरलं की तिथं पायाला गार लागायचं. उरलेले सगळे मासे तिथंच दाटीनं उभे असलेले मी पाहिले. आणि गावच्या बायकाही नेमक्या तिथंच उतरायच्या, गोड पाणी म्हणून.

"आत्याबाई, ती उपाशी न्हायत. गोळ्याला तोंड तरी लावतायत का? धार हाय तोवर पाणी हलतं, निवतं. आता त्यांचा जीव उकडतोय, आन् तुमच्या पिठानं पाणी नासतंय."

"तू शिकवणार व्हय मला?"

"मग घाला आणखी! घाला आन् मारून टाका एकदाचं!"

रागाच्या भरात बोलून गेले खरी. आत्याबाईंनी हातातली परात काठावर ठेवली. लुगडं वर खोचून डोहात उतरल्या, आधी उन्हात उभ्या राहिल्या, मग करंजाखाली. बराच वेळ तशाच. मग भरली परात उचलून घरी आणली.

दुसऱ्या दिवसापासून त्या रिकाम्या हातानं करंजाखाली बसायला लागल्या. घागर घेऊन येईल तिला खाली वाळूत झिरा उकरून त्यात झिरपेल ते पाणी भरायला पिटाळायच्या. "आमी गढूळ पाणी प्यावं आन् माशानं गार?" म्हणून बायका भांडल्या. शेजारची चाची मात्र, "चलो, आई हाय ती, तिला बसू द्या," म्हणत पहिली खाली गेली. मग बाकीच्याही कुरकुरत गेल्या.

न घालणं आत्याबाईंना फार जड गेलं. सकाळी हात आपसूक पिठाच्या डब्याकडं जायचा. "लई शिवशिवतो गं हात," म्हणायच्या आणि रडायच्या.

थोडे मासे तगले. पुढं नदी वाहती झाली तसे तेही धारेला लागून वर निघून गेले. डोह मोकळा पाहून मला धस्स झालं. पण आत्याबाई म्हणाल्या, "जिती हायत म्हणून गेली."

निजामाची राजवट गेली, आणि एक दिवस भर दुपारी हे दारात उभे राहिले. हाडं तेवढी उरली होती, तोंड उघडून धापा टाकत होते. भरलं टाकून गेलेलं ते ताट मी कधीच विसरले नव्हते. मी धावत चुलीकडं गेले, परातीत पीठ घेतलं. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"भाकरी मागनं कर," त्या म्हणाल्या. "आधी सावलीला बसू दे त्याला. गार पाणी दे."