चपला न काढता परत गेलेले

माझी नात कर्नाटकातल्या आळंदला घरी बसून पुण्याच्या एका जाहिरात कंपनीसाठी अहवाल करते. कंपनी दुकानदारांच्या जाहिराती मोबाईलवर चालवते आणि महिन्याच्या शेवटी ज्याला त्याला कळवते, की तुमच्या वेबसाइटवर लोक किती आले, काय पाहिलं, कुठून परत फिरले. हा अहवाल नात करते. वर चिन्ह कंपनीचं, रंग कंपनीचे, खाली सही कंपनीच्या साहेबांची. नातीचं नाव कुठंच नाही. याला म्हणे व्हाइट लेबल म्हणतात. काम बाहेर होतं हे दुकानदाराला कळता कामा नये, कळलं तर काम बंद, असं करारातच लिहिलेलं आहे.

तिनं मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे रुखवत की गं!"

रुखवतात मांडलेलं सगळं नवरीनं स्वतःच्या हातानं केलंय असं दोन्हीकडची मंडळी मानतात, आणि ते तसं नाही हेही दोन्हीकडच्या मंडळींना ठाऊक असतं. या धंद्यात मी विशीतच उतरले होते. तेव्हा आम्ही निंबर्ग्याला राहत होतो, आणि अख्ख्या तालुक्यात माझ्यासारखं भरतकाम कुणाचं नाही अशी माझी पक्की समजूत होती. तशी ती दुसऱ्या कुणाची नव्हती, पण मी कुणाला विचारलंही नव्हतं.

माझ्या जिवलग मैत्रिणीचं लग्न खजुरीच्या घरात ठरलं. तिला सुई धरता येत नव्हती. तिनं मला सायकल शिकवली होती, त्या बदल्यात मी तिच्या रुखवताचे उशांचे अभ्रे भरून दिले. अभ्र्यावर हिरवा पोपट. लग्नाच्या दिवशी नवऱ्याच्या आत्यानं अभ्रा उचलून उजेडात धरला. "पोपट कुणी काढला गं?"

"मीच," नवरी मान खाली घालून म्हणाली.

इथं विषय संपला होता. पण मागं ही महामाया उभी होती ना, नवी साडी नेसून, वेणीत पाचशे गजरे खोचून! पोपटाचं कौतुक दुसरीच्या पदरात पडायलंय हे तिला बघवेना. ती ओरडली, "त्याची चोच मी तीनदा उसवली!"

आत्यानं शांतपणे सुई-दोरा मागवला. मुंडावळ्या बांधलेली माझी मैत्रीण सगळ्यांच्या देखत दोरा ओवत बसली. तो काही ओवला गेला नाही. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मैत्रीण पुढं चार वर्षं माझ्याशी बोलली नाही, आणि मी शहाणी चारही वर्षं सगळ्यांना विचारत फिरले, की माझं चुकलं काय? चोच तर खरंच मीच उसवली होती.

तर ही गोष्ट नातीला मीच सांगितली होती. ती पुढं माझ्यावरच उलटणार हे तेव्हा सुचलं नाही.

नात कन्नड शाळेत शिकली. मराठी बोलते फाडफाड, लिहायला बसली की अडते. उदगीरच्या एका साड्यांच्या दुकानदाराला अहवालाचा सारांश मराठीतच लागतो. मी मराठी शाळेत उभा जन्म शिकवलेलं. त्यामुळं ती आकडे सांगते आणि मी लिहिते. एका महिन्यात ती म्हणाली, "निम्म्याहून जास्त लोक पहिलं पान बघून निघून गेले." मी लिहिलं, 'निम्म्याहून जास्त लोक दारापर्यंत आले आणि चपला न काढताच परत गेले. साडीचा भाव कुठं दिसत नाही, म्हणून आत यायला भितात.'

"आज्जी, असं लिहीत न्हाईत."

"मग कसं लिहितेत?"

तिनं कंपनीचा जुना नमुना वाचून दाखवला. 'वापरकर्त्यांच्या सहभागाचे प्रमाण समाधानकारक नाही.'

"हे वाचून दुकानदार काय करंल?"

"काई करणार न्हाई."

"मग राहू दे चपला."

तिला घाई होती. चपला तशाच गेल्या.

चार दिवसांनी पुण्याहून फोन आला. दुकानदाराला चपलांचं वाक्य लिहिणाऱ्याशी व्हिडिओवर बोलायचं होतं. सगळे लोक पुण्याच्या ऑफिसात बसतात असं साहेबांनी त्याला सांगून ठेवलेलं. तेव्हा नातीनं पुण्याची म्हणून बसायचं ठरलं. तिच्या पाठीमागं कंपनीच्या काचेच्या ऑफिसचं चित्र दिसणार होतं. खरं तर पाठीमागं आमची ज्वारीची कोठी होती.

"आज्जी, तू आत बस."

"मी काय बोलायलेय व्हय?"

"निंबर्ग्यात तरी कुणी विचारलं होतं तुला?"

मी आत गेले नाही. बाजेवर बसले, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. नातीनं माझ्या हातात शेंगाची पोळी दिली. "कॉल संपंपर्यंत खात बस. तोंड रिकामं ठेवू नको."

दुकानदार माझ्याच वयाचा निघाला. चष्मा कपाळावर. "ते चपलांचं कुणी लिव्हलं हो?"

"आमच्या टीमनं," पुण्याहून कॉलवर बसलेले साहेब म्हणाले.

"टीम अशी बोलत न्हाई. ते वाचलं अन् दुसऱ्याच दिवशी मी सगळ्या साड्यांचे भाव लावले. आता लोक आत यायलेत. बाई, तुम्ही लिव्हलं का?"

नातीची मान खाली गेली. अगदी मुंडावळ्यांखाली गेली होती तशी. आणि इकडं माझ्या घशात ती वेणीवाली उठून बसली. 'अक्षर न अक्षर माझं' हे दातांपर्यंत आलं. मी अर्धी पोळी एकदम तोंडात कोंबली. गुळा-शेंगांचा चुरा नको त्या नळीत गेला आणि मला जो ठसका लागला, तो उदगीरपर्यंत पोचला.

"कोण खोकायलंय?"

नातीनं माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी गाळत, नाही-नाही अशी मान हलवत होते.

"आमच्या सीनियर बाई हायत, काका," ती म्हणाली. "चपलांचं त्यांनीच लिव्हलंय. कॅमेऱ्यासमोर येत न्हाईत त्या."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"पुण्यात असं खोकतेत व्हय?" दुकानदार हसला. "असू द्या. इथून पुढं त्यांच्याच हातनं लिव्हून पाठवा म्हंजे झालं."

"अर्थात," साहेब डोळे उघडत म्हणाले. "तुमचं काम सीनियर बाईच बघतात."

पाच मिनिटांत त्यांचा नातीला वेगळा फोन आला. तिनं माझा हात घट्ट धरून फोन उचलला. काम गेलं असंच आम्हाला दोघींना वाटलं होतं. साहेबांनी विचारलं, बाई आणखी दोन दुकानांचं लिहितील का?

त्याच दुपारी मी खजुरीला मैत्रिणीला फोन लावला आणि तिला सगळं सांगितलं, ठसक्यासकट.

"एक तर त्या पोपटाची चोच वाकडीच होती," शेवटी ती म्हणाली. "अन् तुझं तोंड पोळीनं बंद होतंय हे तेव्हाच सांगायचं की गं. मांडवात पोळ्यांची अख्खी बुट्टी ठेवली असती तुझ्यासमोर."