पड आणि पडीक

मला जगवलं ते वाडीवरच्या मावशीनं. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे राग यायचा आहे, आणि रागाच्या भरात माणूस नेमकं हेच सांगायचं विसरतो.

मी खानदेशातला. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. रेल्वेच्या कामावरच्या एका मुकादमाबरोबर मळवलीला आलो, खडी वाहिली आणि श्रावणात तापानं आडवा झालो. मुकादम टोळी घेऊन पुढच्या कामावर निघून गेला. मावशी स्टेशनावर गवताचे भारे विकायला यायची. तिनं मला बाहेरच्या झाडाखाली कुडकुडताना पाहिलं आणि पुतण्याच्या पाठीवर घालून लोहगडाच्या अंगाच्या आपल्या वाडीवर नेलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. चुलीशेजारी घोंगडी टाकून नाचणीची आंबील पाजत राहिली. एके दिवशी मी म्हटलं, मावशी, मीठ कमी आहे. ती म्हणाली, "बरा झालास म्हनायचा. इतकं दिस गप पीत हुतास, मला वाटलं मुका हाय का काय."

तिच्या घरामागं एक चढ होता. नुसतं गवत आणि गुडघाभर झुडूप. मी विचारलं, ही जमीन पडीक का ठेवली? आमच्या काळ्या मातीत जमीन पडीक राहिली तर घराची अब्रू जाते, म्हणून विचारलं.

"पडीक तुजं डोस्कं," मावशी म्हणाली. "पड टाकलीया. नाचनी झाली, वरई झाली, कारळं झालं, दमली ती. आता निजू द्याची. उठली की पुन्ना नाचनी."

एवढाच त्या शब्दांचा धडा. त्याला काही फार अक्कल लागत नाही. मलासुद्धा एकदाच सांगावा लागला.

पुढे मावशीनंच लोणावळ्याच्या एका दूधवाल्याकडे शब्द टाकला आणि मला एका बंगल्यावर स्वयंपाक्याची नोकरी लागली. मालक मुंबईत असायचे. बंगला पुण्या-मुंबईच्या विद्वानांना महिना-महिना राहायला द्यायचे. विद्येचे इतके प्रकार असतात हे मला तिथं कळलं. भाजे-कार्ल्याच्या लेण्यांतली अक्षरं वाचणारे एक प्राध्यापक होते. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र उचलताना माझी कंबर धरायची. एक डॉक्टर होते. मी त्यांना खोकला दाखवला तर म्हणाले, "अरे, मी झाडांचा डॉक्टर." ते फांद्या वर्तमानपत्रात दाबून माझ्या चुलीवरच्या फळीवर वाळत घालायचे आणि भाकरीची वाफ लागू देऊ नकोस म्हणून मलाच दटावायचे. कुणी बेडकांसाठी यायचं, कुणी पवनेच्या धरणात जाणाऱ्या गावांची बोली टिपायला. मला या सगळ्यांचं फार कौतुक. ज्याची शाळा सुटली त्याला शिकलेल्या माणसाचं ताट वाढतानासुद्धा बरं वाटतं. ते खोटं लिहिणार नाही.

हे सगळे कधी ना कधी मावशीकडे जाऊन आले होते. गडाची वाट तिच्या दारावरूनच जाते. बाईंना तिनं ओव्या दिल्या, डॉक्टरांना झाडांची नावं दिली, प्राध्यापकांना ताक दिलं. दारी आलेल्याला तिनं नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या वाडीत बोलणाऱ्याला मध्ये-मध्ये "व्हय" म्हणत राहण्याची रीत आहे. त्याचा अर्थ हो असा नसतो. ऐकतेय, बोला पुढं, इतकाच असतो. पाहुणा बोलत असताना गप्प बसणं म्हणजे त्याला ऊठ म्हणणं.

मग बंगल्यावर आले पाहणीवाले सर. वाडीवरचे चढ झाडं लावण्यासाठी घ्यायचं सरकारात घाटत होतं. पिकाखालचे सोडायचे, पडीक तेवढे घ्यायचे. कोणता कसला हे सरांनी विचारून ठरवायचं होतं. मी वाट दाखवायला बरोबर गेलो.

सर उंबऱ्यापाशी घोंगडीवर बसले. बोट करून म्हणाले, "बाई, मागच्या चढावर यंदा काय आहे?"

"यंदा काय न्हाई. पड हाय."

"काहीच नाही. गेल्या साली?"

"न्हाई."

"म्हणजे जमीन पडीकच आहे. असं असताना ती..."

"व्हय," मावशी म्हणाली. बोला पुढं.

सरांनी लिहून घेतलं. मी म्हटलं, साहेब, पडीक नव्हे, पड. आणि ते व्हय म्हणजे हो नव्हे. सरांनी हात वर केला. "तू मध्ये बोलू नकोस. उत्तर तिचं हवं, तुझं नको." मावशीकडे वळून म्हणालो, सांग ना त्यांना. ती चहाला दूध आहे का ते बघायला आत गेली होती.

त्या दिवशी जेवायला सर, डॉक्टर, बाई आणि प्राध्यापक असे चौघंही होते. सरांनीच विषय काढला. "त्या वाडीच्या मागे लागवड नाहीच. बाई स्वतःच्या तोंडानं पडीक म्हणाली."

मी आमटी वाढत होतो. बोलणार होतो. पण वाटलं, चला, इतकी शिकलेली माणसं बसलीत, कुणीतरी बोलेलच.

झाडांचे डॉक्टर म्हणाले, "पडीक? मला नाही वाटत. तिथं राबाचा पालापाचोळा भाजल्याची राख अजून मातीत आहे. झुडूप दोन-तीन वर्षांचंच आहे. पीक घेऊन सोडलेली जागा ती."

"असं लिहून द्याल?"

"छे. शेती माझा विषय नाही."

ओव्यांच्या बाई म्हणाल्या, "तिच्या एका ओवीत ती शेताला बाळंतिणीसारखी निजवते. दार लोटून घेते. काय उपमा आहे." आणि त्यांनी लोणचं मागितलं.

प्राध्यापक म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वी कुणी कुणाला शेत दिलं ते विचारा, सांगतो. आजचं नका विचारू." सगळे हसले. मीही सवयीनं हसलो, आणि त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

कारण अज्ञान असतं तर मी सोडून दिलं असतं. एकाकडं राख होती, एकीकडं ओवी होती, आणि त्यांना जोडून एक वाक्य करायचं होतं, बस. माझ्या एका टेबलावर, एका पातेल्यातली आमटी खात, आपापला तुकडा मांडीवर झाकून सगळे बसले होते.

नोकरीची भीती होती. घरी आईला पैसे जात होते. तरी पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "सर, डॉक्टरसाहेब सांगतात ते आणि बाई सांगतात ते एकच आहे. ती जमीन निजलीय. मावशीचं पोट आहे ते. तुमचं व्हय चुकलंय."

सरांनी शांतपणे विचारलं, "किती शिकलास तू?"

"सहावी."

"सातवीत गेला असतास तर कळलं असतं, की सांगणाऱ्याच्या तोंडात आपला शब्द घालायचा नसतो."

तिच्या तोंडात पडीक कुणी घातलं, हे उत्तर मला भांडी घासताना सुचलं. तेव्हा टेबल रिकामं होतं. बाई तेवढ्या मागच्या दारी आल्या. म्हणाल्या, "तू म्हणतोस ते खरं असेल रे, पण त्यांच्या कामात मी कशी बोलू?" माझ्या हातात राख होती, नारळाची शेंडी होती. मी म्हटलं, "तोंडानं." त्या गेल्या. नोकरी मात्र राहिली. स्वयंपाक बरा होता म्हणून असेल.

चढ गेला. ज्या साली जमीन उठायची होती, नाचणी पेरायची होती, त्याच साली खुणेचे दगड बसले. खड्डे खणायला वाडीचीच माणसं रोजावर घेतली. मावशीही गेली. आपल्याच जमिनीत ती परक्याच्या झाडांसाठी खड्डे खणत होती, आणि मी बांधावर उभा राहून सरांना, डॉक्टरांना, बाईंना मनात येईल ते बोलत होतो. मावशी कुदळ टेकून म्हणाली, "कुनाला शिव्या देतोस? मानसं चांगली हुती. चा पिऊन गेली."

"मावशी, तू व्हय म्हणालीस आणि जमीन गेली."

"आता व्हय म्हनायची बी चोरी झाली," ती म्हणाली, आणि पुन्हा खणायला लागली.

तेव्हापासून ती परक्या माणसाला आधी "न्हाई" म्हणते. गडावर जाणारी कॉलेजची मुलं विचारतात, मावशी, पाणी मिळेल का? "न्हाई," म्हणते आणि तांब्या भरून आणते. मुलं हसतात. मला हसू येत नाही. दारात आलेल्याला नाही न म्हणणारी बाई होती ती. व्हय हा तिचा शब्द कुणी नेला हे मला माहीत आहे. प्रत्येकानं थोडा-थोडा नेला.

मी अजून त्याच बंगल्यावर आहे. विद्वान येतात, मी वाढतो. आता ताटं वाढताना मी विचारतो, तुमचा विषय कोणता, आणि शेजारच्यांचा कोणता, आणि तुम्ही एकमेकांशी बोलता का. काही जण रागावतात.

गावी परत जायचं मनात येतं, पण मावशीचं ऋण फिटलेलं नाही. कुठल्या का चढावर असेना, एक तुकडा मी तिच्या नावानं मिळवीन. नाचणी काढू, वरई काढू, कारळं काढू, आणि मग मावशी म्हणेल तेव्हा ती जमीन पड टाकू. कुणी विचारायला आलं की मावशीनं खुशाल व्हय म्हणावं. तिच्या शेजारी मी बसलेला असेन, आणि त्या दिवशी कुणी हात वर केला तरी मी गप्प बसणार नाही.