पाय काढून ठेवला तेव्हा

देवावर माझा राग नव्हता. रागवायला समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं, आणि अपघातानंतर मला तसं वाटणंच थांबलं होतं. सडक अर्जुनीजवळ महामार्गावर मागून आलेल्या ट्रकने आमची मोटारसायकल उडवली. बाबा बाजूच्या धानाच्या बांधीत पडले म्हणून वाचले. माझा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तोवर मी कॉलेजच्या कबड्डी संघात होते.

कृत्रिम पाय बसल्यावर मी गोंदियाला दिव्यांग खेळाडूंच्या सरावाला जाऊ लागले. धावायचं ठरवलं होतं, पण त्या पायावर वेग येईना आणि कापलेल्या टोकाला सारख्या जखमा होत. आमचे सर एकदा म्हणाले, "तू उंच उडी कर. पाय काढून ठेव अन् लंगडी घालत ये. नियमात बसते. उजव्या पायात ताकद आहे तुझ्या." मी नाही म्हटलं. मला पाय काढलेली घरातही आईशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. सरांनी पुन्हा विषय काढला नाही. पुढच्या स्पर्धेत मी धावले, शेवटची आले, आणि खेळ सोडायचं मनाशी ठरवून टाकलं.

त्याच वर्षी माघात आईने कचारगडचा नवस फेडायचं काढलं. मुलगी वाचली तर तिला पायी वर आणीन, असं ती दवाखान्यात बोलली होती. आम्ही पोवार, आणि कचारगडची डोंगरातली गुहा म्हणजे गोंड समाजाचं मोठं देवस्थान. पण आईचं माहेर सालेकशाकडचं, तिथे सगळेच त्या डोंगराला हात जोडतात. माझी श्रद्धा नव्हती. तिचा शब्द मोडवेना म्हणून गेले.

जत्रा भरली होती. पिवळे झेंडे घेतलेली माणसं जंगलातून वर चालली होती. दगडांची चढण लागली तशी जखम उघडली आणि कृत्रिम पायाच्या आतला मोजा ओला झाला. मी एका झाडाखाली बसले. आई पाणी आणायला खाली गेली. शेजारी एक म्हातारी गोंड बाई गुडघे चोळत बसली होती.

"काऊन बसून राहिली, बाई?" तिने विचारलं.

"पाय दुखून राहिला."

मी सलवार वर करून पाय दाखवला. तिने नीट पाहिलं. चेहऱ्यावर कीव नव्हती.

"हा तं काढता येते. काढ ना मंग."

"लोकं पाहतील."

"पाहतीन, अन् आपल्या वाटेनं जातीन. तुयासाठी कायले थांबतीन?"

मी तिचं का ऐकलं, ते आजही सांगता येत नाही. आतून आवाज आला नाही, काही दिसलं नाही. मी पट्टा सोडला. तिने तो पाय मांडीवर घेतला, वरून पदर घातला आणि म्हणाली, "जा. मी हाये इथं."

दगडाला हात लावत, लंगडत, कुठे बसून सरकत मी चढले. आई मागून आली, पाहिलं आणि माझ्यामागे चालत राहिली. काही जणांनी वळून पाहिलं आणि पुढे गेले. गुहेत धूर होता, दिवे होते. मी भिंतीला धरून उभी राहिले. काही मागितलं नाही. एवढंच जाणवलं की मी एका पायावर इथवर आले आहे, आणि भीती वाटत नाही.

उतरून आले तर बाई तिथेच होती. पाय हातात देत म्हणाली, "हलकाच हाये." मग छत्तीसगडकडच्या आपल्या माणसांबरोबर निघून गेली. तिचं स्वतःचं गुहेतलं दर्शन झालं होतं का, हे मी विचारलंच नाही.

परतल्यावर मी सरांकडे गेले आणि मैदानाच्या कडेला पाय काढून ठेवला. पहिल्या वर्षी दांडीवरच पडत राहिले. पुढे राज्याचं पदक मिळालं. आता राष्ट्रीय स्पर्धांना जाते. ती म्हातारी देवी होती का, असं लोक विचारतात. मला ती गुडघे दुखणारी बाई दिसली. तिला कोणी तिथे बसवलं असेल, तर त्याचे उपकार मी मानते.

उडी घेताना दांडीकडे पाठ होते. खालची गादी दिसत नाही. तेवढा क्षण अंग सोडून द्यावं लागतं. पूर्वी ते मला जमत नव्हतं.